टायरवर नाव आलं, पेटंटची गाजलेली केसही जिंकली, तरी चार्ल्स गुडइयर कर्जातच गेला

गाडीचे टायर बदलायला गेलं की दुकानात एक नाव हमखास दिसतं, गुडइयर. साहजिकच वाटतं की या गुडइयर नावाच्या माणसाने टायरची कंपनी काढली असेल, बक्कळ पैसा कमावला असेल आणि त्याची नातवंडं आज ऐश करत असतील.

प्रत्यक्षात झालं उलटंच. चार्ल्स गुडइयरने आयुष्यात टायरची कंपनी काढलीच नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अक्रॉन शहरात ही कंपनी सुरू झाली 1898 मध्ये, म्हणजे चार्ल्स वारल्यानंतर 38 वर्षांनी. कंपनी काढणारा फ्रँक साईबरलिंग त्याचा नातेवाईकही नव्हता. त्याने फक्त आदर म्हणून हे नाव घेतलं. आणि ज्याचं नाव घेतलं तो माणूस गेला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे 2 लाख डॉलरचं कर्ज होतं.

विशेष म्हणजे त्याच्याकडे पेटंट होतं. त्या पेटंटसाठी त्याने अमेरिकेतली त्या काळची सर्वात गाजलेली केसही जिंकली होती. मग पैसा गेला कुठे? याचं उत्तर शोधताना पेटंट म्हणजे नक्की काय, ते काय देतं आणि काय देत नाही, हे सगळं समजत जातं.

उन्हाळ्यात चिकट, हिवाळ्यात दगड

चार्ल्सचा जन्म 29 डिसेंबर 1800 चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. वडील शेतीची अवजारं आणि बटणं असल्या वस्तू बनवायचे. मोठा झाल्यावर चार्ल्सने फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचं दुकान टाकलं. सुरुवातीला बरं चाललं, पण उधारी वाढली आणि 1830 च्या आसपास दिवाळं निघालं.

त्या काळी कर्ज फेडता आलं नाही की सरळ तुरुंगात टाकायचे. चार्ल्सची तुरुंगवारी तिथून सुरू झाली आणि आयुष्यभर थांबली नाही.

1834 साली तो न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी रबर कंपनीच्या दुकानात गेला. तिथल्या हवा भरायच्या जीवरक्षक पट्ट्याचा व्हॉल्व त्याला निकृष्ट वाटला होता. त्याने स्वतः चांगला व्हॉल्व तयार केला आणि तो विकायला नेला. तिथल्या मॅनेजरने त्याला खरी अडचण दाखवली. व्हॉल्वचं काय घेऊन बसलात, रबरच टिकत नाही! उन्हाळ्यात माल वितळून चिकट गोळा व्हायचा आणि गिऱ्हाईक तो परत आणून द्यायचे. हिवाळ्यात तेच रबर दगडासारखं कडक होऊन तडकायचं.

त्या वेळी रबराला इंडिया रबर म्हणायचे. या नावाचा आपल्या भारताशी संबंध नाही. रबराचा चीक दक्षिण अमेरिकेतल्या झाडांतून यायचा आणि तिथल्या मूळ रहिवाशांना युरोपचे लोक इंडियन म्हणायचे, त्यावरून ते नाव पडलं. 1830 च्या दशकात अमेरिकेत रबराच्या कंपन्यांची लाट आली होती. माल वितळायला लागला तशा त्या कंपन्या एकामागोमाग बुडाल्या.

दुसऱ्या कुणी रबराला कानाला खडा लावला असता. चार्ल्सने मात्र हेच आपलं काम ठरवलं. त्याला रसायनशास्त्र येत नव्हतं आणि खिशात पैसा नव्हता. तुरुंगात असतानाही बायकोचं लाटणं मागवून त्याने रबर लाटून बघितलं, असं सांगतात.

पहिलं पेटंट मिळालं, पण उपयोग झाला नाही

चुना, मॅग्नेशिया, जे हाताला लागेल ते रबरात मिसळायचं आणि काय होतं ते बघायचं, हाच त्याचा उद्योग झाला. एकदा नायट्रिक ॲसिड लावल्यावर रबराचा चिकटपणा गेला. 1837 मध्ये त्याला या प्रक्रियेचं पेटंट मिळालं, क्रमांक 240.

क्रमांक इतका लहान असण्याचं कारण आहे. अमेरिकेत पेटंटचा कायदा 1790 पासून होता. पण 1793 नंतर कित्येक वर्षं अर्ज आला की फारशी तपासणी न करताच पेटंट दिलं जायचं. एकाच गोष्टीवर दोघा-तिघांना पेटंट मिळायचं आणि भांडण कोर्टात जायचं. म्हणून 1836 मध्ये नवा कायदा झाला. शोध खरंच नवा आहे का, उपयोगाचा आहे का, हे सरकारी परीक्षक तपासू लागले आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले.

पेटंट हातात आल्यावर चार्ल्सला सरकारकडून टपालाच्या 150 थैल्यांची ऑर्डर मिळाली. थैल्या बनवल्या, गोदामात टांगल्या आणि उन्हाळ्यात बघतो तर सगळ्या वितळायला लागलेल्या. ॲसिडचा परिणाम फक्त वरच्या थरापुरता होता, आतलं रबर होतं तसंच राहिलं होतं.

पेटंटबद्दलची पहिली गोष्ट इथेच कळते. शोध नवा असल्याचा शिक्का सरकार देतं. तो माल बाजारात चालेल याची हमी सरकार देत नाही.

शेगडी आणि गंधक

मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावात चार्ल्सला नॅथनियल हेवर्ड भेटला. हा रबरात गंधक मिसळून उन्हात वाळवायचा आणि त्याने रबराचा चिकटपणा कमी व्हायचा. चार्ल्सने त्याची कल्पना रीतसर विकत घेतली. 1839 च्या फेब्रुवारीत हेवर्डला पेटंट मिळालं आणि त्याचा हक्क चार्ल्सच्या नावावर आला. दुसऱ्याची कल्पना वापरायची तर विकत घ्यायची, हे त्याने स्वतः पाळलं होतं.

त्याच वर्षी वोबर्नमध्ये गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीवर पडला. तो वितळायला हवा होता, पण झाला चामड्यासारखा. कडेला तर असा भाग तयार झाला जो लवचिकही होता आणि चिकटतही नव्हता. थंडीत बाहेर ठेवून बघितला तरी तो तडकला नाही.

ही गोष्ट पुढे निव्वळ नशिबाची म्हणून सांगितली जाऊ लागली. चार्ल्सला ते पटायचं नाही. पाच वर्षं जो माणूस त्याच गोष्टीच्या मागे होता, त्यालाच त्या तुकड्याचा अर्थ कळला, असं त्याचं म्हणणं होतं.

आज आपल्याला यामागचं कारण माहीत आहे. रबराचे रेणू लांब दोऱ्यांसारखे असतात आणि एकमेकांवरून घसरतात. उष्णता दिली की गंधक या दोऱ्यांना जागोजागी टाके घालतं. मग रबर ताणलं तरी पुन्हा मूळ आकारात येतं. चार्ल्सला यातलं काही माहीत नव्हतं. उष्णता किती आणि किती वेळ द्यायची, हे शोधण्यात त्याची आणखी काही वर्षं गेली.

ती वर्षं सर्वात वाईट होती. घरातलं सामान विकून झालं. मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली. 1840 मध्ये त्याचा दोन वर्षांचा मुलगा वारला, तेव्हा अंत्यविधीपुरतेही पैसे घरात नव्हते.

पाच वर्षांचा उशीर

शोध 1839 चा. अमेरिकेत पेटंट मिळालं 15 जून 1844 ला, क्रमांक 3633. मधल्या पाच वर्षांत काय झालं, ते त्याला फार महागात पडलं.

पण आधी ते पेटंट बघू. त्यात कृती अगदी स्वयंपाकासारखी दिली आहे. रबर 25 भाग, गंधक 5 भाग, सफेदा म्हणजे शिशाचं पांढरं संयुग 7 भाग. हे सगळं एकत्र करून सुमारे 270 अंश फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण 132 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं.

कुणालाही वाटेल, एवढ्या कष्टाने मिळवलेलं गुपित असं उघड का लिहायचं? तर पेटंट हा सरकार आणि संशोधक यांच्यातला सौदा असतो. संशोधकाने आपली युक्ती जगाला समजेल अशी लिहून द्यायची. बदल्यात सरकार त्याला ठराविक वर्षांसाठी इतरांना अडवण्याचा हक्क देतं. तेव्हा अमेरिकेत ही मुदत 14 वर्षं होती. मुदत संपली की ती कृती सगळ्यांची.

ज्याला हा सौदा नको, त्याने गुपित जपून ठेवावं. मात्र दुसऱ्या कुणी ते स्वतःच्या डोक्याने शोधून काढलं, तर त्याला अडवता येत नाही. चार्ल्सने नेमकी इथेच गल्लत केली. गुपित पुरतं जपलं नाही आणि पेटंटही वेळेत घेतलं नाही.

इंग्लंडमध्ये डाव हुकला

1842 मध्ये चार्ल्सच्या रबराचे नमुने इंग्लंडला गेले. स्टीफन मोल्टन नावाच्या माणसाने ते तिथल्या रबर कारखानदारांना दाखवले. ही युक्ती कुणी विकत घेतंय का, ते बघायचं होतं. कृती सांगितली नव्हती, नमुने मात्र हातोहात फिरले.

त्यातले काही तुकडे थॉमस हॅनकॉककडे पोहोचले. हॅनकॉक साधा माणूस नव्हता. रबराच्या धंद्यात त्याची वीसएक वर्षं गेली होती आणि रेनकोटसाठी प्रसिद्ध असलेल्या मॅकिंटॉश कंपनीत तो भागीदार होता. नमुना बघून त्याला कळलं की रबर सुधारता येतं. त्याने प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि वर्षभर खटपट करून गंधक आणि उष्णतेचा मेळ जमवला. 21 नोव्हेंबर 1843 ला त्याने इंग्लंडमध्ये पेटंट मिळवलं. त्याचा मित्र विल्यम ब्रॉकडन याने रोमन लोकांच्या अग्निदेवावरून या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन हे नाव दिलं. ते आजही चालतं.

चार्ल्सचा इंग्लंडमधला अर्ज आला 30 जानेवारी 1844 ला. फरक जेमतेम दहा आठवड्यांचा.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. हॅनकॉकने चार्ल्सचा माल बघूनच हे केलं, असं विरोधकांचं म्हणणं होतं. नमुने पाहिले हे हॅनकॉकही नाकारत नव्हता. पण नुसत्या तुकड्यावरून कृती ओळखणं शक्य नाही, अशी साक्ष रसायनतज्ज्ञांनी दिली. हॅनकॉकचं पेटंट टिकलं. तिथला कायदा एवढंच बघत होता की इंग्लंडच्या हद्दीत ही गोष्ट आधी कुणी आणली. समुद्रापलीकडे वोबर्नच्या स्वयंपाकघरात 1839 साली काय घडलं, याला तिथे किंमत नव्हती.

फ्रान्समध्ये वेगळीच अडचण आली. तिथे चार्ल्सला पेटंट मिळालं, पण अमेरिकेत बनलेला असा माल अर्ज करण्याआधीच फ्रान्सच्या बाजारात विकला गेला होता. जी वस्तू आधीच बाजारात आली ती नवी कशी, या मुद्द्यावर ते पेटंट रद्द झालं. म्हणजे चार्ल्सच्या बाजूच्याच मालाने त्याचं पेटंट बुडवलं.

ट्रेंटनचा खटला

अमेरिकेत मात्र पेटंट हातात होतं. चार्ल्सने स्वतः मोठा कारखाना काढण्यापेक्षा परवाने दिले. बूट बनवणारे वेगळे, कापड बनवणारे वेगळे, प्रत्येकाकडून रॉयल्टी घ्यायची असा हिशोब होता. पण व्यवहारात तो कच्चा होता. डोक्यावरचं कर्ज भागवायला त्याने परवाने फार स्वस्तात दिले.

त्यात फुकट माल बनवणारे होतेच. त्यांचा म्होरक्या होता होरेस डे. त्याच्याशी आधी एकदा समेट होऊन त्याला विशिष्ट प्रकारच्या मालाचा परवाना दिला होता. तरीही तो बाकीचा माल काढतच राहिला. शेवटी 1852 मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या कोर्टात केस उभी राहिली. ग्रेट इंडिया रबर केस म्हणून ती इतिहासात गाजली.

चार्ल्सच्या बाजूने उभा राहिला डॅनियल वेबस्टर. हा त्या वेळी अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता आणि मंत्रिपदावर असतानाच त्याने ही केस चालवली. फी 15,000 डॉलर, म्हणजे त्याच्या मंत्रिपदाच्या वर्षाच्या पगाराच्या दुपटीहून जास्त. हा पैसा चार्ल्सकडे नव्हताच. तो मुख्यतः बुटांचे परवाने घेतलेल्या कारखानदारांनी उभा केला. आपण पैसे मोजून परवाना घेतला आणि डे फुकटात तोच माल विकतोय, हे त्यांना परवडणारं नव्हतं. समोर डेच्या बाजूने रुफस चोट हा तितकाच नावाजलेला वकील होता.

डेने केलेला बचाव पेटंटच्या खटल्यांत आजही ऐकायला मिळतो. तुझं पेटंट मी मोडलंच नाही, आणि मुळात तुझं पेटंटच खोटं आहे, कारण हा शोध तुझ्या आधी दुसऱ्यांनी लावला होता. पेटंट मिळालं म्हणजे ते कायमचं पक्कं झालं असं नसतं. समोरचा माणूस कोर्टात त्याच्या मुळावरच घाव घालू शकतो.

वेबस्टरने सगळा भर एकाच मुद्द्यावर दिला. चार्ल्सने हे शोधलं नसेल, तर मग कुणी शोधलं, ते नाव समोर आणा. साक्षीपुरावे तपासून न्यायाधीश रॉबर्ट ग्रिअर यांनी सप्टेंबर 1852 मध्ये निकाल दिला. शोध चार्ल्स गुडइयरचाच, पेटंट वैध, आणि डेला असा माल बनवायला कायमची मनाई. निकालानंतर महिनाभरात वेबस्टर वारला.

बिल्ला मिळाला तुरुंगात

केस जिंकल्यावर दिवस पालटायला हवे होते, पण चार्ल्सला पैसा साठवायची सवयच नव्हती. रबरापासून काय काय बनू शकतं, हे जगाला दाखवायची त्याला हौस होती. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने भिंतीपासून फर्निचरपर्यंत सगळं रबराचं असलेलं दालन उभारलं होतं. खर्च सुमारे 30,000 डॉलर. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याहून जास्त खर्च केला.

पॅरिसमध्ये पेटंट रद्द झाल्याने रॉयल्टी थांबली आणि देणेकरी दारात आले. डिसेंबर 1855 मध्ये पोलिसांनी त्याला उचलून क्लिशीच्या कर्जदारांच्या तुरुंगात टाकलं. तो तिथे साधारण दोन आठवडे होता. त्याच काळात सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. त्याचा बिल्ला त्याच्या हातात पडला तो तुरुंगातच.

1858 मध्ये अमेरिकेतल्या पेटंटची 14 वर्षं संपत आली. तेव्हाच्या कायद्यात एक सोय होती. संशोधकाची चूक नसताना त्याला शोधाचा पुरेसा मोबदला मिळाला नसेल, तर सात वर्षं वाढवून मिळायची. चार्ल्सने हिशोब मांडला, विरोधकांनी विरोध केला. पेटंट कमिशनर जोसेफ होल्ट यांनी कागद बघून मान्य केलं की या माणसाला खरंच त्याच्या कष्टाच्या मानाने काहीच मिळालेलं नाही. मुदत 1865 पर्यंत वाढली.

ती मुदत बघायला तो राहिला नाही. 1860 मध्ये मुलगी मरणाच्या दारात असल्याचं कळल्यावर तो तिला भेटायला निघाला. न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत ती गेली होती. ते ऐकून तो कोसळला आणि 1 जुलै 1860 ला न्यूयॉर्कच्या हॉटेलातच वारला.

आज भारतात हेच घडलं असतं तर?

चार्ल्स ज्या खड्ड्यांत पडला, त्यातले बरेचसे आजही तसेच आहेत. भारतात पेटंटचा सध्याचा कायदा 1970 चा आहे आणि मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. ही मुदत चार्ल्ससारखी वाढवून मिळत नाही.

पहिली गोष्ट तारखेची. शोध कुणी आधी लावला यापेक्षा अर्ज कुणी आधी केला, हे भारतात बघितलं जातं. अमेरिकेत आधी शोध लावणाऱ्याला प्राधान्य होतं, पण 2013 पासून त्यांनीही अर्जाची तारीख धरायला सुरुवात केली. प्रयोग अर्धवट असला तरी भारतात तात्पुरता अर्ज करून तारीख पक्की करता येते. पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. चार्ल्सला हीच सोय हवी होती.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. अर्जाआधी वस्तू विकली, प्रदर्शनात मांडली किंवा व्हिडिओ करून टाकला, तर काही मोजके अपवाद सोडले तर नवेपणा जातो. मग पेटंट मिळत नाही किंवा मिळालेलं टिकत नाही.

तिसरी गोष्ट हद्दीची. भारतातलं पेटंट भारतापुरतंच. सगळ्या जगाचं असं एक पेटंट आजही नाही. आंतरराष्ट्रीय करारामुळे एकाच अर्जाने अनेक देशांत सुरुवात करता येते, पण शेवटी पेटंट प्रत्येक देश आपापलं देतो.

आणि चौथी गोष्ट भांडणाची. पेटंट मिळण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतो. मिळाल्यावरही वर्षभर संबंधित व्यक्तीला हरकत घेता येते. कुणी नक्कल केली तर दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरच्या कोर्टात लावायचा. समोरच्याने डेसारखं तुमचं पेटंटच रद्द करा अशी उलटी मागणी केली, तर प्रकरण हायकोर्टात जातं. नक्कल झाली की सरकार आपणहून धावून येत नाही. लढायचं ज्याचं त्याने.

चार्ल्सला ट्रेंटनमध्ये न्याय मिळाला, पण तो लढायला लागणारा पैसा दुसऱ्यांनी घातला आणि निकालाचा खरा फायदाही त्यांनाच झाला. त्याच्या हातात पेटंट होतं. स्वस्तात दिलेले परवाने, पाच वर्षांचा उशीर आणि हातोहात फिरलेले नमुने यांची भरपाई मात्र कुठलंच कोर्ट करून देऊ शकत नव्हतं.